मधे येणारं पान

कॅमेऱ्यात रीळ भरावं लागे, त्या काळातली गोष्ट. यमुताईंच्या परसात लिंबाच्या फांदीला शिंजिराचं घरटं लोंबत होतं. फुलांतला मध पिणारा तो इवला जांभळा पक्षी पिल्लांना भरवताना टिपायचा, असं यमुताईंच्या मनात होतं. पण कॅमेरा सारखा कुरकुरे, “हे पान मधे येतंय.”

“राहू द्या ते,” शिंजीर म्हणाला. “त्याच्या आडोशाला म्हणून तर इथे घर बांधलं.”

यमुताईंनी कात्रीने पान कापलं, फोटो काढला आणि त्या चहा टाकायला आत गेल्या. परत येऊन पाहतात, तर घरटं फाटलेलं, पिल्लं नाहीत. कुंपणावर कावळा चोच घासत बसला होता.



“आठ दिवस शोधत होतो,” कावळा कॅमेऱ्याला म्हणाला. “मलाही तेच पान मधे येत होतं.”