एका उकाराची चूक

डॉक्टर निलांबरी थिटे यांच्या डिजिटल सहीची मुदत संपली आणि तालुक्याच्या दवाखान्यात अपंगांचे दाखले निघायचे थांबले. एका पायाचा गैबी मुलाणी भिंतीला कुबड्या टेकवून रोज विचारायचा, "ताई, आज होईल का सही?" त्याला रोज 'नाही' सांगताना ताईंना त्याच्याकडे बघवत नसे.

सही नवी कशी करून घ्यायची, ते सगळं दाखल्यांच्या संकेतस्थळावर 'मदत' या बटणाखाली लिहिलेलं होतं. पण बटण दाबलं की आत सोडण्याआधी ते चालू सही मागायचं.

अशात ते संकेतस्थळ सांभाळणारे ढवळीकर साहेब जिल्ह्याच्या बैठकीला आले. त्यांनी नव्याने सजवलेलं पान पडद्यावर झळकवलं आणि छाती फुगवून म्हणाले, "आता यात कुणी कानामात्रेची चूक काढून दाखवावी!"

बैठकीला आलेल्या निलांबरीताई उठल्या.

"एक आहे, साहेब. बटणावर 'मदत' छापलंय. 'म'ला उकार द्यायचा राहिलाय."

"म्हणजे?"

"तिथं 'मुदत' हवं. ज्या सहीची मुदत आहे, तिलाच तुम्ही आत घेता. जिची संपली, तिला मदत कुठंय?"

सभागृह खो खो हसलं. साहेबांचा चेहरा पडला. "ताबडतोब दुरुस्ती करा," ते हाताखालच्या माणसावर खेकसले.

दुसऱ्या दिवशी गैबी बाकावर होताच. ताईंनी घाईघाईने संकेतस्थळ उघडलं. बटण अजूनही चालू सहीच मागत होतं. दुरुस्ती मात्र झाली होती. त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'मुदत'.