ठमीचं बारसं

“...पण मी शोधलेल्या नदीला माझं नाव दिलं, तर बिघडलं कुठे?”

माई शेंगा सोलत होत्या. समोर विश्राम केळशीकर, मोठे शास्त्रज्ञ. माईंचा कौल घ्यायला आमच्या मठात आले होते. कौल कसला, ‘तुझंच बरोबर’ एवढं ऐकायला. येणारे बहुतेक त्यासाठीच येतात.

“कुठे आहे ही नदी?”

“दक्षिण ध्रुवाकडे, अडीच किलोमीटर बर्फाखाली. नदीचं पात्र, खोरं, टेकड्या, सगळं जसंच्या तसं. कोट्यवधी वर्षांपूर्वी तिथे झाडं होती, माई.”

“पाहिलीस?”

“कुणीच नाही पाहिली. विमानातून खाली लहरी सोडायच्या. तळाला आपटून परत येतात, त्यावरून कळतं.”

“म्हणजे हाक मारायची आणि ओ आली की समजायचं, आहे कुणीतरी.” माई खुशीत हसल्या. “हाक कोण मारायचं?”

विश्राम घुटमळले. “दामू बिडकर. यंत्र त्याचं. पण ओ ओळखली मी. नामकरणाच्या अर्जात नाव एकच बसतं. तो म्हणतो त्याचं, मी म्हणतो माझं. तीन महिने बोलणं बंद आहे.”

मग खाली बघत म्हणाले, “मला मूलबाळ नाही, माई. मागे एवढंच राहणार.”

माईंनी हातातली शेंग बाजूला ठेवली.

“इतकी वर्षं तुम्ही दोघं तिला काय म्हणत होतात?”

एवढा मोठा माणूस, पण चक्क लाजला. “ठमी. कागदावर पहिल्यांदा तिची रेघ उमटली, ती अशी फुगीर. दामू म्हणाला, ठमी आली बघ. तेच पडलं तोंडात.”

“नकाशा आहे जवळ?”

होता. माईंनी तो आपल्या शालीत बाळासारखा गुंडाळला. मला माळ्यावरून रामनवमीचा पाळणा काढायला लावला. म्हटलं, झालं, आता हेही बघायचं.

“हं. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या. दे पाळण्याखालून.”

विश्राम वाकले. गुंडाळी पाळण्याखालून पुढे केली. पलीकडे घ्यायला कुणी नव्हतं. मी पुढे झाले, तर माईंनी माझा पदर धरला.

“घ्या ना कुणीतरी,” विश्राम म्हणाले.

माई पुन्हा शेंगा सोलायला बसल्या.

कंबर भरून आली, तरी ते तसेच वाकलेले. मग एका हातावर गुंडाळी तोलत त्यांनी दुसऱ्या हाताने खिशातला फोन काढला.

“दाम्या...” ते म्हणाले. “ठमीचं बारसं चाललंय रे. पलीकडे कुणी नाही.”



फोनमधून असं हसू आलं की ते आम्हालाही ऐकू गेलं. “गोव्याहून निघतो. सकाळी पोचेन. तोवर वाकूनच राहा, गाढवा.”

विश्राम हसत होते आणि डोळे पुसत होते. गुंडाळी काही त्यांनी खाली ठेवली नाही.

माई माझ्याकडे वळल्या.

“हरभरे भिजत घाल गं. तो येईपर्यंत फुगतील.”