हसाजी तेल्याचा शनवारचा दिवा

कोकणच्या किनाऱ्यावर, खाडीच्या मुखाशी शिवणखार नावाचे गाव. धुंडिनाथ महाराजांनी आपली शेवटची वर्षे या गावी शंकराच्या देवळाच्या ओवरीत काढली. महाराजांकडे कोण येत नसे! कोळी येत, भंडारी येत, खाडीपलीकडचे मुसलमान तांडेल नाव सोडण्याआधी येऊन बसत. आणि दर शुक्रवारी दुपारी देवळाच्या दिव्यांचे तेल घेऊन हसाजी तेली येई.

भक्तहो, या हसाजीची नीट ओळख करून घ्या, कारण आजची कथा त्याची आहे. तो बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला यहुदी. किनाऱ्यावरचे लोक त्यांना शनवार तेली म्हणत. शुक्रवारी दिवस मावळला की त्यांचा शनवार लागे, तो दुसऱ्या दिवशी तारे दिसेपर्यंत. तेवढा वेळ घाणा बंद. चूल पेटवायची नाही, ओझे वाहायचे नाही, बैलाच्या मानेवरही जू ठेवायचे नाही. मावळतीच्या आधी घरची बाई एक दिवा लावी. एकदा दिवस बुडाला की त्या पेटत्या दिव्याला बोटसुद्धा लावायचे नाही. त्यांचा देव एक. त्याला मूर्ती नाही, रूप नाही. माणसापुढे वाकणेही त्यांच्यात नाही, त्यामुळे हसाजी महाराजांच्या पाया पडत नसे. हात जोडी, शेजारी बसे, आणि उठताना पुन्हा हात जोडी.

गावचे खोत आबाजीराव यांना हे अगदी खुपत असे. माणूस दानशूर होता, पण दान केले की चार लोकांनी ते बोलून दाखवावे अशी हौस भारी! एकदा भर ओवरीत ते म्हणाले, "महाराज, हा तेली तुमच्यापुढे ताठ बसतो. देवळात येतो आणि देवाला पाहत नाही. घरी म्हणे मोकळ्या भिंतीकडे तोंड करून प्रार्थना करतो. अरे हसाजी, समोर काही नसताना नमस्कार घालतोस तरी कुणाला?"

लोक हसले.

महाराज म्हणाले, "आबाजी, हा माझ्यापुढे वाकत नाही म्हणून तर मला आवडतो. तुम्ही सगळे वाकता तेव्हा मला तुमची डोकी दिसतात. याचा चेहरा दिसतो."

खोतांना ते झोंबले.

पुढे कार्तिक महिना आला. खोतांनी देवळाला नवा कळस करवला होता आणि शनिवारी सकाळी कळस चढवायचा मुहूर्त काढला होता. हजार पणत्या लावायचा बेत होता. त्यासाठी हसाजीने घरातले होते नव्हते तेवढे तेल आधीच देवळात पोहोचवले होते. खोतांच्या माणसांनी ते एका नव्या रांजणात ओतले. रांजण दिसायला झकास, पण त्याच्या बुडाला चीर होती आणि ती कुणी पाहिली नाही. शुक्रवारी सायंकाळी झाकण काढले तर आत बोटभर गाळ! बाकीचे तेल जमिनीने पिऊन टाकले होते.

खोत तडक हसाजीच्या दारात आले. दिवस नुकताच बुडाला होता. सारूबाईने, हसाजीच्या बायकोने, आढ्याला टांगलेल्या काचेच्या भांड्यात दिवा लावला होता आणि घरची माणसे प्रार्थनेला उभी होती.

"हसाजी, घाणा जुंप. सकाळपर्यंत तेल हवं."

हसाजी बाहेर आला. "खोतसाहेब, आमचा शनवार लागला. उद्या तारे दिसले की जुंपतो. रात्रभर चालवीन."

"उद्या संध्याकाळी तेल घेऊन काय करू? मुहूर्त सकाळचा आहे! तुला जमत नसेल तर बैल दे, माझी माणसं चालवतील."

"बैलालाही विसावा सांगितलाय, साहेब. तो माझ्या हातात नाही."

खोतांचा पारा चढला. "मग नीट ऐक. जमीन माझी, घाणा माझ्या जमिनीवर. सकाळी तेल आलं नाही तर घाणा उखडून खाडीत टाकीन, आणि तू बायकापोरं घेऊन वाट धर. बघू तुझा बिनरूपाचा देव कुठं घर देतो ते!"

सारूबाईच्या डोळ्यांत पाणी आले. तीन पिढ्यांचे घर होते ते. हसाजीच्या तोंडून शब्द एकच निघाला, "नाही."

खोत तसेच देवळात गेले आणि महाराजांपुढे सगळे ओकले. महाराजांनी ऐकून घेतले आणि डोळे मिटले. खोतांना वाटले, महाराज गप्प म्हणजे आपलेच खरे.

आणि तेवढ्यात वारा फिरला.

कार्तिकात असा वारा कुणी पाहिला नव्हता. माडांचे शेंडे जमिनीकडे वाकू लागले, समुद्र खवळला, अंधार एकदम दाटला. किनाऱ्यावरून एक कोळी धावत आला, "खोतसाहेब, उस्मान तांडेलाचा मचवा भायेर हाय! मथुराताई हायेत त्यात, तान्ह्या पोराला घेऊन!"

खोतांची एकुलती एक लेक! कळसासाठी माहेरी येत होती.

आता खाडीचे मुख कसे होते ते सांगायला हवे. मुखात मधोमध पाण्याखाली खडक. आत येणाऱ्या नावा उत्तरेच्या कड्यावरचा दिवा पाहून त्याच्या रोखाने वळत आणि खडक चुकवत. तो दिवा देवळाच्या तेलावर चाले. आज देवळात तेल नव्हते. कडा काळाठिक्कर पडला होता.

खोत अनवाणी कड्याकडे धावले. माणसांनी मशाली आणल्या, वाऱ्याने विझवल्या. घराघरांतून पणत्या आणल्या, त्या वाटेतच गेल्या. झावळ्यांचा ढीग केला, तर लाटांचे तुषार उडून तो भिजून चिंब झाला. खाली अंधारात मचव्यावरच्या माणसांच्या हाका ऐकू येत होत्या, कधी जवळून, कधी लांबून. खोत कपाळ बडवून घेऊ लागले. हसाजीकडे माणूस पाठवायचे त्यांच्या मनात आले, पण कोणत्या तोंडाने?

गावात आरडाओरडा झाला तो हसाजीच्या घरापर्यंत गेला. शेजारणीने दारातूनच काय झाले ते सांगितले. हसाजीने आढ्याकडे पाहिले. घरात, साऱ्या गावात, तेलाचा नीट जळणारा तेवढा एकच दिवा होता. आणि त्याला हात लावायचा नव्हता.

सारूबाई म्हणाली, "बघत काय राहिलात? काढा."

"काढतो," हसाजी म्हणाला. "जीव जात असताना शनवार पाळायचा नाही, हीसुद्धा त्याचीच आज्ञा आहे." आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याने शनवारच्या दिव्याला हात घातला.

कड्याच्या पायथ्याशी महाराज उभे होते. ते देवळातून केव्हा निघाले, कुणी पाहिले नाही. म्हणाले, "ये, हसाजी. तुझीच वाट पाहत होतो." आणि त्याच्या पाठीवर हात ठेवून चढू लागले. मागोमाग सारूबाईही चढली.

वारा माणसाला उभे राहू देत नव्हता. पण हसाजीच्या हातातली ज्योत हलत नव्हती! चमचाभर तेल, उघड्या तोंडाचे भांडे, आणि ज्योत अशी सरळ की जणू बंद खोलीतच जळते आहे. हसाजीने कड्याच्या टोकाला उभे राहून दिवा डोक्यावर धरला. महाराज त्याच्यामागे उभे राहिले. खोत ओल्या दगडावर मटकन बसले आणि अंधाराकडे बघत राहिले. खालच्या हाका एकाएकी थांबल्या. मचवा फुटला की वळला?

मग अगदी खाली, खाडीच्या आतल्या बाजूने, तान्ह्या पोराचे रडणे ऐकू आले.

उस्मान तांडेल खोतांच्या लेकीला आणि नातवाला घेऊन वर आला तो विचारतच, "या अल्ला! येवढा जाळ केला कुणी? अख्खा कडा पेटल्यासारका दिसला. खडकावरचं शेवाळ पन दिसत होतं मना!"

लोकांनी हसाजीच्या हातातल्या दिव्याकडे पाहिले. खोत पुढे झाले, त्यांनी काचेत वाकून पाहिले. सायंकाळी त्याच्या दारात भांडताना हाच दिवा त्यांना दिसला होता. तेल तेव्हा होते तेवढेच होते. टिपूसही कमी झाले नव्हते.

खोतांनी महाराजांचे पाय धरले. महाराज मागे सरले. "माझ्याकडे काय आहे? आपला नेम राखून आपलं घर गमवायला जो तयार होता, त्याने तुझ्या लेकीसाठी तोच नेम मोडला. त्याच्याकडे जा."

खोत हसाजीकडे वळले. एवढा मोठा माणूस, पागोटे कुठे पडले त्याची शुद्ध नव्हती. ते वाकणार तोच हसाजीने दिवा सारूबाईच्या हाती दिला आणि त्यांचे खांदे धरले. "नको, खोतसाहेब. माणसापुढे वाकायचं नाही. आमच्यात वाकतात ते एकापुढेच."

"मग मी करू तरी काय?" खोत रडू लागले. "घर तुझंच आहे, घाणा तुझाच आहे. कळस तुझे तारे दिसल्यावर चढेल, मुहूर्त गेला तरी जाऊ दे. पण मला डोकं टेकू दे रे कुठंतरी!"

महाराजांनी समोरच्या मोकळ्या अंधाराकडे बोट दाखवले. तिथे देऊळ नव्हते, मूर्ती नव्हती, भिंतसुद्धा नव्हती. नुसता समुद्र गर्जत होता.

"हसाजी टेकतो तिथंच टेक," महाराज म्हणाले.

आणि आबाजीराव खोतांनी, समोर काही नसताना, दगडावर कपाळ टेकवले.