बयजाचा गोटा

खूप खूप वर्षं झाली या गोष्टीला. तेव्हा नद्यांना आजची नावं नव्हती, आणि राजे कोण होते ते तर आता राजांच्या वंशजांनाही आठवत नसेल.

काळ्या खडकाच्या मुलखात एक गाव होतं. तिथली माणसं पोटासाठी शेती करायची आणि हौसेसाठी दगड चिरायची. हसू नका. त्या मुलखात ओढ्याकाठी गोल, खडबडीत गोटे सापडायचे. वरून पाहाल तर उचलून कुत्र्याला मारावा इतका सामान्य दगड. पण चिरला, की एखाद्याच्या पोटात स्फटिकांची खाण लखलखायची, एखाद्यात निळ्या-तांबूस रेघांची वर्तुळं निघायची. ते गोटे गावानं कधी विकले नाहीत. कोनाड्यात ठेवायचे, पाहुण्याला दाखवायचे आणि पाहुणा थक्क झाला की मिशीतल्या मिशीत हसायचं, एवढीच त्यांची कमाई.

गोटा चिरायची रीत अशी. तो लाकडाच्या खाचेत घट्ट बसवायचा. त्यावर लोखंडी तार ठेवायची. कुरुंद म्हणून फार कठीण खडा असतो, त्याची पूड पाण्यात कालवून तारेवर सोडत राहायची. मग दोघांनी समोरासमोर बसून तारेची दोन टोकं आळीपाळीनं ओढायची. एकानं ओढलं की दुसऱ्यानं सैल सोडायचं. घाई करणाऱ्याला त्या गावात मुलगी देत नसत, असं म्हणतात. खरंखोटं देव जाणे.

सुगी झाली की संगमावर जत्रा भरायची. गावोगावचे लोक आपला सगळ्यात सुंदर गोटा घेऊन यायचे. ज्या गावाचा गोटा उजवा ठरे, त्या गावाला देवीच्या पालखीचा पहिला खांदा मिळे. आणि पुकारणारा भर जत्रेत प्रत्येक गोटा चिरणाऱ्या दोघांची नावं घेई.

या गावाला तो मान वर्षानुवर्षं मिळत होता तो बयजामुळे. बयजासारखी नजर कुणाचीच नव्हती. हजार दगडांतून नेमका पोकळ गोटा ती उचलायची. नुसता हातात तोलून आत काय आहे ते सांगायची. गावाला तिचा अभिमान होता, आणि तो रास्त होता.

तारेचं दुसरं टोक धरायची तिची थोरली जाऊ, धुरपदा. बाई अबोल. तिला दगडातलं काही कळतं असं कुणी म्हणत नसे, ती स्वतःही म्हणत नसे.

पण जत्रेत पुकारा व्हायचा तो वयाच्या क्रमानं. आधी धुरपदा, मग बयजा. हे बयजाला सलायला लागलं. दगड शोधते मी, पारखते मी, कुठून चिरायचा ती रेघ आखते मी, आणि नाव पहिलं हिचं? एकदा पाणवठ्यावर चार बायकांत ती बोलूनही गेली, की जाऊबाई काय, नुसतं टोक धरून बसतात. गर्वाचं घर खाली असतं म्हणतात. बयजाचं तर टेकाडावर होतं, म्हणून तिला वाटलं आपल्याला धोका नाही.

त्या वर्षी तिला कलिंगडाएवढा गोटा सापडला. एवढा मोठा, एवढा हलका गोटा कुणी पाहिला नव्हता. गावात बातमी पसरली आणि लोक आतापासूनच पालखीचा खांदा चोळायला लागले.

बयजानं जावेला सांगितलं, या वेळी माझं मनगट दुखतंय, सवडीनं बघू. आणि गोठ्यात एक हिरवा बांबू पुरला. त्याचा शेंडा वाकवून तारेचं दुसरं टोक त्याला बांधलं. तिनं ओढलं की बांबू वाके, तिनं सैल सोडलं की बांबू तार मागे खेची. युक्ती झकास होती. बांबूचं नाव काही कुणी जत्रेत पुकारणार नव्हतं.

रोज थोडं थोडं करत तार आत गेली. मग एका सकाळी आवाज बदलला. खरखर थांबून किणकिण सुरू झाली. तार पोकळीला भिडली होती. बयजानं झटकन हात थांबवून तार सैल सोडली. बांबू थांबला नाही. त्यानं होता नव्हता तो जोर लावून तार खेचली, आणि आतले स्फटिक साखरेसारखे भुगा होऊन तिच्या पायांवर पडले. अर्धा गोटा तडकून गेला.

बयजा तिथंच रडत बसली. मग उठली आणि जावेच्या दारात गेली. काहीही न लपवता सगळं सांगितलं, पाणवठ्यावरचं बोलणंसुद्धा.

धुरपदाला ते बोलणं आधीच कळलं होतं, आणि ते तिला लागलं होतं. ती दाणे पाखडत होती. सूप खाली ठेवून म्हणाली, “बयजे, वढायचं काम बांबू बी करतो. मी थांबायचं काम करत हुते.”

“चुकलं माझं, जाऊबाई,” बयजा म्हणाली. “माझं जाऊ द्या. गाव मोकळ्या हातानं जत्रंला जाईल.”

धुरपदानं पदर खोचला आणि गोठ्याकडे निघाली.

गोट्याची एक जाड कड शाबूत होती. दोघींनी ती खाचेत बसवली आणि समोरासमोर बसल्या. एकीनं ओढलं, दुसरीनं सोडलं. निघाली ती तळहाताएवढी चकती, आत पांढऱ्या-निळ्या रेघा, गुळगुळीत, एकही चरा नाही.

जत्रेत दुसऱ्या गावांचे मोठमोठे गोटे झगमगत होते. त्यांत ही चकती पाहून गावकरी मान खाली घालून उभे होते. पुकारणाऱ्यानं नावं विचारली. बयजा पुढे झाली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “ही माझी थोरली जाऊ, धुरपदा. आन् मी बयजा. लई मोठा गोटा हुता. फुटला तो मी एकटीनं फोडला. ह्यो दोघींनी चिरलाय.”

त्या वर्षी पालखीचा पहिला खांदा पलीकडच्या गावाला गेला. पण चकती हातोहात फिरली, आणि ज्यानं ज्यानं तिच्या गुळगुळीत कडेवरून बोट फिरवलं, त्यानं वळून धुरपदाकडे पाहिलं. तेव्हा गावकऱ्यांच्या माना आपोआप वर झाल्या. पहिला मान मिळवून ते कधी असे ताठ मानेनं घरी परतले नव्हते, आणि बयजा तर सगळ्यांच्या पुढे, जावेच्या खांद्याला खांदा लावून चालत होती.

म्हणून लहानथोरांनो, ध्यानात ठेवा: ज्याचा कामात हात, त्याचं मानात नाव, ते पुसू पाहणाऱ्याच्या पदरी भुगाच पडतो.