मालक असलेला लॅपटॉप

सोसायटीचे अध्यक्ष खळदकर यांनी रेंगाळतो म्हणून शेजारच्या मंदाताईंना देऊन टाकलेला कॉम्प्युटर तिकडे भिंगरीसारखा पळू लागला आणि इकडे खळदकरांच्या पोटात दुखू लागलं. "माझ्याकडे होता तेव्हा मेला उठायचाही नाही!" मंदाताईंनी त्यावरची विकतची सिस्टिम काढून फुकटची, नवशिक्यालाही जमेल अशी लिनक्स टाकली होती.

सोसायटीच्या गणपतीत आरतीचे शब्द पडद्यावर त्यावरूनच दाखवायचे, असं बायकांनी ठरवताच खळदकर उसळले. "फुकटच्या वस्तूला ना मालक, ना वाली! ऐन वेळी अडली तर जाब कुणाला विचारणार? पडद्याला माझा विकतच्या सिस्टिमचा नवा लॅपटॉपच लागेल."

मंदाताईंनी पडद्याची वायर त्यांच्या हाती दिली.

आरतीला सगळे उभे राहिले, कापूर पेटला आणि पडद्यावर अक्षरं उमटली, 'अपडेट चालू आहे. बंद करू नका.' खळदकरांनी दिसेल ते बटण दाबून पाहिलं. शेवटी घाम पुसत म्हणाले, "ते आपोआप होतं हो, माझ्या हातात काही नाही."

मंदाताई जोडलेले हात न सोडता म्हणाल्या, "अध्यक्षसाहेब, तुमच्या लॅपटॉपला मालक आहे ना? मग सांगा की त्याला, कापूर विझत आलाय."