देव्हाऱ्यातली काठी

एकदा एक निवृत्त अध्यापक उजव्या खुब्याची शस्त्रक्रिया होऊन घरी परतला. झिजलेला सांधा काढून त्या जागी धातूचा नवा सांधा बसविला होता. जखम भरत होती, वेदना दिवसागणिक ओसरत होती. परंतु त्याचे चित्त घरात नव्हते. ते गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, दोनशे पावलांवरच्या एका ओट्यावर जाऊन बसले होते. त्या ओट्यावर त्याचे गुरुजी रोज सायंकाळी बसत.

शिष्याचे वय चौसष्ट, गुरुजींचे सत्त्याऐंशी. चाळीस वर्षे ते दोघे सायंकाळी नदीच्या घाटापर्यंत चालत गेले होते. गुरुजी पुढे, शिष्य अर्धे पाऊल मागे. गुरुजींच्या उजव्या हातात शिसवी काठी असे. तिच्या तळाशी पितळेची शेंबी होती, आणि ती फरशीवर टेकली की ठण् असा नाद उठे. दोन नादांच्या मधल्या अवकाशात गुरुजी एखाद्या शब्दाचे मूळ उलगडून दाखवीत. चालताना त्यांचा उजवा खांदा किंचित उंचावलेला असे. गावाला ती विद्वत्तेची ऐट वाटे. शिष्याला तर ती इतकी प्रिय होती, की फळ्यासमोर उभे राहताना नकळत त्याचाही उजवा खांदा वर जाई आणि मागच्या बाकांवरची मुले त्याची हुबेहूब नक्कल करीत.

पुढे गुरुजींची दृष्टी मंदावली, शिष्याचा खुबा झिजला, आणि घाट दोघांनाही अंतरला.

शिष्य घरी परतला त्याच दिवशी गुरुजींनी आपली काठी त्याच्याकडे पाठविली. सोबत चार ओळींची चिठ्ठी होती : "मला आता ओट्यापलीकडे जायचे नसते. हिची गरज तुला आहे. चालू लागलास की ये. वाट पाहतो."

शिष्याने चिठ्ठी मस्तकी लावली. काठी स्वच्छ पुसली, तिला गंध लावले आणि देव्हाऱ्यात, भिंतीला टेकवून, उभी केली. रोज सकाळी देवांना फुले वाहून झाली की एक फूल तो तिलाही वाही.

सहा आठवडे तो चार पायांची चौकट धरून घरात फिरला. पत्नी तिला वॉकर म्हणे.

"चौकट म्हणावे," तो सांगे.

"तुम्ही काहीही म्हणा, पण हातातून सोडू नका," ती उत्तर देई.

सातव्या आठवड्यात शल्यचिकित्सकांनी तपासून सांगितले, "आता चौकट पुरे. काठी घ्या, डाव्या हातात घ्या, आणि रोज थोडे बाहेर चाला."

घरी येताच पत्नी म्हणाली, "बरे झाले. काठी घरातच आहे."

"ती? ती रस्त्याच्या धुळीत टेकवू?"

"काठी आणखी कुठे टेकवतात?"

"ती गुरुजींची आहे. तिच्यावर मी माझ्या देहाचा भार टाकायचा?"

"मग बाजारातून दुसरी आणते."

"त्यांनी स्वतःची दिली असता दुसरीच टेकीत त्यांच्या दारात जाऊ? ते होणे नाही. त्यांच्यासमोर जाईन तो स्वतःच्या पायांनी."

पत्नी मेथी निवडीत होती. तिने मान वर केली. "स्वतःच्या? अहो, खुब्यात धातूचा गोळा बसवून घेतलात, त्याची लाज वाटली नाही, आणि काठीची वाटते?"

शिष्याला ते पटले नाही. दुसऱ्या दिवशी सायंकाळी पत्नी मागील अंगणात आहे असे पाहून तो रिकाम्या हातांनी बाहेर पडला. विजेच्या खांबापर्यंत पावले नीट पडली. पुढे मात्र उजव्या पायावर भार येताच देह एका बाजूला कलला, डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि शेजाऱ्यांचे फाटक हाताशी लागले म्हणूनच तो सावरला. फाटकाला बिलगून त्याने समोर पाहिले. गल्लीच्या टोकाला ओटा दिसत होता. ओट्यावर शुभ्र धोतर दिसत होते. गुरुजींचे मुख त्याच्याच दिशेला वळलेले होते. पण त्या डोळ्यांना एवढ्या दूरचे दिसत नव्हते. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. त्याने ती मारली नाही.

पत्नी चौकट घेऊन आली आणि त्याला परत घेऊन गेली.

त्यानंतर तो उंबऱ्याबाहेर पडला नाही. पाय बळकट होतील, मग जाऊ, असे म्हणता म्हणता आणखी दोन महिने उलटले. सायंकाळ झाली की तो खिडकीशी बसे आणि चिठ्ठी उघडे. वाट पाहतो. सत्त्याऐंशी वर्षांच्या माणसाने लिहिलेले ते दोन शब्द वाचताना त्याच्या मनात एकच प्रश्न उभा राही : माझे चालणे आधी सुरू होईल, की हे वाट पाहणे आधी संपेल?

अखेर पत्नीनेच, जिला गुरुजी सूनबाई म्हणत, एके दिवशी गुरुजींकडे जाऊन सारी हकीकत सांगितली. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी दारात रिक्षा थांबली आणि गुरुजी खाली उतरले. त्यांच्या हातात ॲल्युमिनियमची एक चकचकीत काठी होती.

शिष्य धडपडत उठला आणि नमस्कारासाठी वाकू लागला.

"वाकू नकोस!" गुरुजी गरजले. "नवा सांधा निखळायचा. सूनबाईंनी मला सगळे पथ्य ऐकविले आहे." मग ते देव्हाऱ्याच्या अगदी जवळ गेले आणि हाताने चाचपून त्यांनी काठीवरचे फूल उचलले. "हे कोण वाहते?"

"मी, गुरुजी."

"रोज?"

"रोज."

"म्हणजे तेवढे चालता येते तर!"

पत्नीने पदर तोंडाशी नेला.

गुरुजींनी शिष्याला सरळ उभे केले, डावा हात मोकळा सोडायला सांगितला आणि शिसवी काठी त्याच्या पावलाशेजारी धरली. तिची मूठ मनगटाच्या चार बोटे वर आली. "अपेक्षेप्रमाणे," ते पुटपुटले. "सूनबाई, घरात करवत आहे का?"

"फांद्या छाटायची आहे."

"आणा."

काय घडते आहे हे शिष्याला कळेपर्यंत काठी स्टुलावर आडवी झाली होती आणि गुरुजींनी तिच्यात खाच पाडली होती. लाकडाचा काळसर भुसा भुईवर पडला.

"गुरुजी! हे काय करता?"

"अर्धे काम. उरलेले तू कर." त्यांनी करवत त्याच्यापुढे धरली.

"माझ्याने नाही व्हायचे."

"चाळीस वर्षे मी सांगेन ते केलेस. आज का अडलास?"

शिष्य उंच खुर्चीवर बसला. पत्नीने काठी घट्ट धरली. डोळ्यांतले पाणी न पुसताच त्याने करवत चालविली. चार बोटांचा तुकडा शेंबीसह फरशीवर पडला आणि ठण् असा तो ओळखीचा नाद एकदा उठून विरून गेला.

मग गुरुजी बोलले. "त्र्यंबक, ही काठी मुळात माझी नव्हे, माझ्या गुरूंची. ते पुष्कळ उंच होते. ती हाती आली त्याच दिवशी मला कळले, की ही चार बोटे मोठी आहे. कापण्याचा धीर मात्र झाला नाही. हात वर धरावा लागे, त्यासरशी खांदा वर जाई. लोक त्याला ऐट म्हणत. घरी रोज तेल चोळून घ्यावे लागे, हे कोणाला ठाऊक होते? काल ही बाजारातली घेतली. बटण दाबले की हिची उंची बदलते. दुकानातल्या पोराने माप घेतले, आणि चाळीस वर्षांत प्रथमच काठी धरून खांदा सरळ राहिला. आधार देणाऱ्याच्या उंचीचा असून चालत नाही, रे. तो घेणाऱ्याच्या उंचीचा करून घ्यावा लागतो. मी ती काठी मिरविली, तू पूजलीस. टेकलो दोघेही नाही. चिठ्ठीत मी 'ये' असे लिहिले होते. 'देव्हाऱ्यात ठेव' असे लिहिले नव्हते."

शिष्याने गुरुजींकडे पाहिले. त्यांचे दोन्ही खांदे एका रेषेत होते. ती आकृती त्याने आयुष्यात प्रथमच पाहिली, आणि त्याचा स्वतःचा उजवा खांदा हळूहळू खाली आला.

"आणि पूजाच करायची असेल," गुरुजींनी शेंबीचा तुकडा पत्नीच्या हाती दिला, "तर एवढी पुरे."

पत्नीने चौकटीच्या एका पायाचे रबरी टोपण काढून कापलेल्या टोकावर चढविले. ते घट्ट बसले. गुरुजींनी रिक्षा परत पाठविली. दोघे गल्लीत उतरले. सवयीने शिष्य अर्धे पाऊल मागे राहिला.

"मागे राहू नकोस," गुरुजी म्हणाले. "आता मला पुढचे नीट दिसत नाही."

शिष्य बरोबरीला आला. विजेचा खांब मागे पडला, शेजाऱ्यांचे फाटक मागे पडले. रबराचा आवाज होत नव्हता. ज्या नादामागून तो जन्मभर चालत आला होता तो नाद आता नव्हता, आणि त्यावाचून ही वाट त्याला पोरकी वाटली. परंतु त्या शांततेत गुरुजींचा श्वास मात्र अगदी जवळून ऐकू येत होता.

ओट्यावर, गुरुजींच्या बैठकीशेजारी, उंच आसनाची एक खुर्ची मांडलेली होती. खुब्याच्या रुग्णाला लागते तशी. ती केव्हापासून तेथे आहे, हे शिष्याला विचारावे लागले नाही. आसनावर गल्लीची धूळ थराने साचली होती. त्याने ती आपल्या उपरण्याने पुसली आणि तो बसला.

"येथून घाट दिसतो का रे?" गुरुजींनी विचारले.

"दिसतो, गुरुजी."

"मग सांग. पाणी कितव्या पायरीवर आहे?"

शिष्य काठीवर दोन्ही हात टेकून पुढे झुकला आणि सांगू लागला.