अमोसची साक्ष

"सांगा ना पाळकसाहेब, कमी कुठं पडलं? माझ्या अर्पणात, की दादाच्या विश्वासात?"

थोरात पाळकसाहेब चर्चमागच्या घराच्या ओट्यावर बसून चिंचा फोडत होते. पुढ्यात पोतं, पोत्यावर चिंचांचा ढीग, हातात लाकडी हातोडी. त्यांनी मान वर केली नाही.

अमोसला राग आला. चारच दिवस झाले होते सख्ख्या भावाला पुरून. अशा माणसाकडं निदान बघावं तरी.

साडेतीन वर्षांपूर्वी अमोसनं थोरल्या भावाला, शांतवनला, आपली एक किडनी दिली होती. तेव्हा तो प्रचारकाचं शिक्षण घेत होता. ऑपरेशन झालं, शांतवन बरा झाला, पुन्हा शेतावर जायला लागला. आणि अमोस गावोगावच्या चर्चच्या मंडळ्यांत साक्ष द्यायला लागला. देवानं आपल्या आयुष्यात काय केलं ते चारचौघांपुढं सांगायचं, ती साक्ष. अमोसची जीभ आधीच गोड, त्यात असा विषय मिळालेला! प्रभूनं आपल्यासाठी कूस भोसकून घेतली, मी माझ्या भावासाठी घेतली, असं म्हणून तो सदरा वर करायचा आणि कुशीवरचा वण दाखवायचा. मग पहिल्या बाकाकडं हात करायचा.

"दादा, उभा राहा."

शांतवन उभा राहायचा. बायका डोळ्याला पदर लावायच्या.

गेल्या पंधरवड्यात शांतवनच्या शरीरानं ती किडनी झिडकारली. तो तापानं फणफणला. सहा दिवस दवाखान्यात होता, सातव्या दिवशी संपला.

"रविवारी स्मरणाची उपासना आहे," अमोस म्हणाला. "मी साक्ष द्यावी असं मंडळी म्हणतेय. आता कसली साक्ष देऊ? माझी किडनी मातीत गेली."

हातोडी थांबली.

"काय गेलं मातीत?"

"किडनी... म्हणजे, दादा."

पाळकसाहेब त्याच्याकडं बघत राहिले. अमोसनं नजर खाली घातली आणि काखेतली कापडी पिशवी आणखी घट्ट दाबून धरली.

आवारातल्या नळावर रूथबाई आणि तिची सून हंडे भरत होत्या. पाळकसाहेबांनी त्यांना हाक मारली. दोघी हात पुसत ओट्यापाशी आल्या.

"उभा राहा," पाळकसाहेब अमोसला म्हणाले.

तो उभा राहिला.

"हा अमोस," पाळकसाहेब मोठ्यानं सांगू लागले. "याची आई गेली तेव्हा हा सात वर्षांचा होता. अंगभर खरूज. कुणी जवळ घेईना. मी याला घरी आणलं. कडुनिंबाच्या पाण्यानं माझ्या हातांनी आंघोळ घातली. महिनाभर, रोज. याची खरूज मला झाली, आणि हा बरा झाला."

"देवाची स्तुती असो," रूथबाई म्हणाली. तिचे डोळे भरून आले.

अमोसचेही आले. हे सगळं खरं होतं, आणि ते तो कधी विसरला नव्हता.

"बस," पाळकसाहेब म्हणाले.

तो बसला.

"उभा राहा."

अमोस गोंधळून उठला. पाळकसाहेबांनी पुन्हा सुरुवात केली. आई गेली, सात वर्षांचा होता, अंगभर खरूज... शब्दही तेच, आवाजही तोच. या खेपेला सून त्याच्या हातांकडं निरखून बघत होती, जणू खरूज अजून तिथंच आहे. अमोसनं हात पाठीमागं घेतले.

"बस."

तो बसला.

"उभा राहा."

"पुरे ना, पाळकसाहेब."

"किती वेळा झालं?"

"दोनदा."

"शांतवन किती वेळा उभा राहिला?"

अमोसला आकडा पाठ होता. ही कितवी मंडळी ते सांगूनच तो प्रत्येक साक्षीची सुरुवात करायचा. आता मात्र तो जिभेवर येईना.

"त्रेसष्ट," तो शेवटी म्हणाला. "त्रेसष्ट मंडळ्या."

पाळकसाहेबांनी बायकांना हातानंच जायला सांगितलं. त्या एकमेकींकडं बघत नळाकडं परतल्या.

अमोस उभाच होता. का कोण जाणे, त्याला दादाच्या शिव्या आठवल्या. शांतवनचं तोंड फार फाटकं. बैल नीट बांधला नाही, मोटार चालू करून विसरला, काहीही झालं की आधी शिवी, मग थप्पड, आणि मग ताटात वाढलेली अर्धी भाकरी. ऑपरेशननंतर त्यानं शिव्या देणं बंद केलं. अमोस घरी आला की तो खाटेवरून उठायचा. "तू बस, मी चहा आणतो," म्हणायचा. एकदा तर त्यानं अमोसच्या चपला उन्हातून उचलून सावलीत ठेवल्या होत्या.

हे पवित्र आत्म्याचं फळ आहे, असं अमोस साक्षीत सांगायचा. मंडळी आमेन म्हणायची.

त्याला उभं राहवेना. तो मटकन खाली बसला आणि पिशवी पोत्यावर उपडी केली.

चिंचांवर गोळ्यांची पाकिटं पडली. एकही फोडलेलं नव्हतं.

"वहिनीला ज्वारीच्या कोठीत सापडल्या," तो म्हणाला. "किडनी टिकावी म्हणून रोज घ्यायच्या होत्या त्या. जन्मभर. अकरा आठवडे त्यानं एकही घेतली नाही. वहिनीसमोर पाण्याचा तांब्या तोंडाला लावायचा, गोळी मुठीतच ठेवायचा."

पाळकसाहेबांनी एक पाकीट उचललं, उलटंसुलटं केलं आणि परत ठेवलं.

"येताना नदीत टाकणार होतो," अमोस म्हणाला. "तुम्ही म्हणाला असता, दादाचा विश्वास कमी पडला, तर जाताना टाकल्या असत्या."

"हो... म्हणालो असतो कदाचित. चार वर्षांपूर्वी."

"प्रभूच्या जखमेनं आरोग्य मिळतं, हे तुम्हीच शिकवलंत. आम्हा दोघांना, याच ओट्यावर. ते खोटं होतं?"

"खोटं नाही."

"मग?"

"ज्याला आरोग्य मिळतं त्यालाही दुखतं, हे शिकवायचं राहिलं... मलाच ठाऊक नव्हतं."

नळाचं पाणी गेलं. बायका हंडे उचलून निघून गेल्या. आवारात कुणी उरलं नाही.

"मी मारलं त्याला," अमोस म्हणाला.

नाही रे, असं पाळकसाहेब म्हणतील, म्हणून तो थांबला. शोक करणाऱ्याला सगळेच असं म्हणतात. पाळकसाहेबांनी तर आयुष्यभर किती घरांत जाऊन म्हटलं असेल.

पाळकसाहेब म्हणाले नाहीत.

"पहिल्यांदा त्याला उभं कुणी केलं?" त्यांनी विचारलं.

अमोसला आठवेना. मग आठवलं.

"तुम्ही."

"मी. आपल्याच चर्चमध्ये, ईस्टरच्या रविवारी. तू वण दाखवलास आणि मला हुंदका आवरेना. मीच म्हणालो, शांतवन, उठ, मंडळीला दिसू दे."

"हो."

"तेव्हा त्यानं तोंड उघडलं होतं. काहीतरी म्हणायला लागला होता तो."

"दादा?"

"मी पेटीवाल्याला खूण केली. म्हटलं, गीत घ्या."

अमोस आठवू लागला. तो तेव्हा दादापासून दोन हातांवर उभा होता. त्याला पेटीचा सूर आठवला, टाळ्या आठवल्या, आपण कोणता सदरा घातला होता तेही आठवलं. दादाचा चेहरा काही केल्या दिसेना. त्रेसष्ट मंडळ्या, आणि दादा तिथं कधी एक शब्द बोलला असेल तर तो अमोसला आठवत नव्हता.

"काय म्हणत होता तो?"

"ऐकलं कुणी?"

अमोस रडू लागला. गेल्या चार दिवसांत तो पुष्कळ रडला होता, पण ते लोकांसमोर. हे रडणं वेगळं होतं. त्यात आवाज नव्हता आणि त्यानं जरासुद्धा हलकं वाटत नव्हतं.

"माझ्यासाठी प्रार्थना तरी करा, पाळकसाहेब."

पाळकसाहेबांनी हात जोडले, डोळे मिटले. त्यांची बोटं चिंचेनं काळी पडली होती. ओठ हलले... थांबले. पुन्हा हलले. पन्नास वर्षं या माणसानं लोकांच्या खाटांशी, कबरींशी उभं राहून प्रार्थना केल्या होत्या. अमोस वाट बघत राहिला.

पाळकसाहेबांनी डोळे उघडले.

"येत नाही रे," ते म्हणाले.

ऊन ओट्यावर आलं. दोघांपैकी कुणी सावलीत सरकलं नाही.

बऱ्याच वेळानं अमोसनं पाकिटं एक एक करून पिशवीत भरली. उठला. पायरीवर थबकला.

"रविवारी सगळी मंडळी येणार. बाहेरगावचेही येतील. मी पुढं जाऊन बोलू काय?"

पाळकसाहेबांनी हातोडी उचलली होती. ती त्यांनी खाली ठेवली.

"तू नाही. ती पिशवी पुढं मांड. रविवारी बोलायची पाळी शांतवनची आहे."